सायाळीने बदललेली जागा

नदीकाठच्या एका जंगलात, करंजाच्या मुळांशी बीळ खणून एक सायाळ राहत असे. मुलांनो, सायाळ तुम्ही पाहिली नसेल, पण तिचे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे काटे कुठेतरी नक्की पाहिले असतील. ही सायाळ मोठी हुशार होती. कोणत्या उतारावर गोड कंद मिळतात आणि कोणत्या झाडाखाली आधी फळ पडते, हे तिला बरोबर ठाऊक असे. आपण कधी कशात फसलो नाही, याचा तिला थोडा अभिमानही होता.

तिच्या शेजारी, खडकाच्या कपारीत, एक म्हातारी घोरपड राहत होती. तिची नजर आता अधू झाली होती. झाड दिसे, पण त्याची पाने दिसत नसत. सायाळ तिला मावशी म्हणे. सकाळचे ऊन आले की दोघी खडकावर येऊन बसत आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत बसून राहत.

त्या नदीवर एक पाणमांजर बांबूंचा तराफा चालवत असे. पावसाळा सरून पाणी निवळले की दर पौर्णिमेला त्याची फेरी निघे. तराफा सहा दिवस प्रवाहाबरोबर खाली जाई आणि थेट समुद्राला भेटे. परत येताना चार दांडगी कासवे तो वर ओढून आणीत. ही फेरी कामाधंद्याची नव्हती. जंगलातले प्राणी नुसता समुद्र पाहायला जात, आणि परत आले की वर्षभर त्याच्याच गोष्टी सांगत. त्या गोष्टी ऐकून ऐकून सायाळीच्या मनाने घेतले होते की, एकदा तरी आपण जायचेच.

भाद्रपदात ती घोरपडीला घेऊन पाणमांजराकडे गेली. जागा हवी असेल त्याने तराफा बांधायला वेली आणून द्यायच्या, अशी तिथली रीत होती. दोघींनी दहा-दहा वेटोळी वेली दिल्या. पाणमांजराने त्यांना तराफ्याच्या मधोमध, पानांच्या छपराखाली, शेजारी-शेजारी जागा दिल्या आणि बांबूवर दातांनी दोन खुणा केल्या. वाटेत कोणाला बरे वाटेनासे झाले तर थांब्यावर उतरावे, जागा पुढच्या फेरीला तशीच राहील, असेही त्याने सांगितले. सायाळीने मान डोलावली. तिचे लक्ष तेव्हा नदीकडे होते.

निघायला आठ दिवस उरले असताना एक पोपट झाडाझाडावर बसून दवंडी देऊ लागला. तराफ्यावरची पुढची जागा घ्या, वेली निम्म्याच द्या, रोज द्रोणभर शिंगाडे खा आणि समुद्र सगळ्यांच्या आधी पाहा, असे तो म्हणत होता.

मुलांनो, ज्या जागेसाठी दवंडी पिटावी लागते, ती जागा रिकामी का राहिली, हे कोणीतरी विचारायला हवे होते. सायाळीने विचारले नाही. तिच्या मनात एकच गोष्ट सलू लागली. आपण महिनाभर आधी गेलो, दहा वेटोळी दिली, आणि आता येणाऱ्याला पाच वेटोळ्यांत वर शिंगाडेही मिळणार. आधीच जागा घेतलेल्यांना ही सवलत आहे का, असे तिने पोपटाला विचारले. पोपटाने पुन्हा तीच दवंडी शब्दन् शब्द ऐकवली. त्याला तेवढेच शिकवलेले होते.

तेव्हा ती स्वतःच पाणमांजराकडे गेली. ते गाठी आवळत बसले होते. तिचे बोलणे त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बदलून देतो. पाच वेटोळी परत घेऊन जा. पण सायाळबाई, नवी बोली घेतली की जुनी सगळी सुटते. छपराखालची जागा सुटते आणि मधे उतरून पुढच्या फेरीला यायची सोयही सुटते. नीट विचार करा."

सायाळीने दोन जागा मागितल्या. पण पुढची एकच जागा शिल्लक राहिली होती. पाणमांजराने तिला सगळे पुन्हा एकदा समजावून सांगितले आणि मावशीला विचारून या म्हणाले.

तिने विचारले, ही गोष्ट खरी. घोरपडीने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "तुला हवी असेल तर घे बाई. मला काय, नुसतं बसायचंच आहे."

सायाळीला त्यातले 'घे' तेवढे ऐकू आले. तराफा तोच, नदी तीच, समुद्र तोच, तिने स्वतःशी हिशेब केला. मावशी आणि आपण यांच्यात फार तर आठ पावलांचे अंतर पडेल. आठ पावलांसाठी रोजचे शिंगाडे कोण सोडतो? ती लगेच परत गेली आणि जागा बदलून आली. बांबूवरची तिची खूण पाणमांजराने तासून टाकली.

पौर्णिमेला तराफा निघाला. पहिले दोन दिवस सायाळ अगदी खुशीत होती. समोर मोकळी नदी, हाताशी शिंगाड्यांचा द्रोण. पुढे बसणाऱ्याच्या अंगावर पाणी उडते, हे तिला पहिल्याच वळणावर कळले. काट्याकाट्यांतून पाणी ठिबकत राही. पण त्याचे तिला फारसे वाटले नाही. उन्हात बसले की अंग सुकत होते.

मागे वळून पाहिले की मात्र तिला चुकल्यासारखे होई. तिच्या जुन्या जागेवर एक रानडुक्कर बसले होते. ते स्वभावाने वाईट नव्हते, पण अंगाने मोठे होते आणि बसल्या बसल्या त्याला झोप लागे. झोपले की ते पसरे, आणि घोरपड इंचाइंचाने कडेला सरके. काठावर हरणांचा कळप दिसला तेव्हा सायाळीने मावशीला हाक मारून सांगितले. पाण्याच्या आवाजात ती हाक मागे पोचली नाही. घोरपड विरुद्ध काठाकडे तोंड करून बसली होती. संध्याकाळी थांब्यावर उतरल्यावर सायाळीने आपले शिंगाडे तिच्यापुढे ठेवले. घोरपडीने दोन घेतले, गोड आहेत म्हणाली आणि लवकरच झोपली.

तिसऱ्या दिवशी नदी दोन कड्यांच्या मधे शिरली. पाण्याला ओढ लागली. पुढे डाव्या हाताचे मोठे वळण आहे, बांबू घट्ट धरा, असे पाणमांजराने ओरडून सांगितले. ज्यांना वळण दिसत होते त्यांनी वेळेवर अंग सावरले. घोरपडीला वळण दिसले नाही. पाण्याचा खळखळाट चारही बाजूंनी येत होता, त्यामुळे डावे कोणते आणि ते कधी येणार, हेही तिला उमगले नाही. तराफा कलला, झोपेतले रानडुक्कर तिच्या अंगावर घरंगळले आणि ती पाण्यात पडली.

सायाळीने हे पुढून पाहिले. ती धावली. पण मधे दाटीवाटीने प्राणी बसले होते, आणि भीतीने तिचे काटे ताठ उभे राहिले होते. जाईल तिथे कोणाच्या तरी अंगात काटे घुसले असते. दोन पावलांवर तिला थांबावे लागले. आठ पावले किती लांब असतात, हे तिला त्या वेळी कळले.

पाणमांजराने उडी मारली आणि घोरपडीला वर काढले. तिचा पुढचा पाय दगडावर आपटून सुजला होता. रानडुक्कर जागे होऊन पुन्हा पुन्हा माफी मागत होते. घोरपडीने बांबू घट्ट धरून ठेवला होता.

दुपारी जांभळाच्या बनापाशी थांबा आला. घोरपड म्हणाली, आपल्याला आता पुढे जाववणार नाही. पाणमांजराने तिला धीर दिला. तिची जुनी बोली होती, त्यामुळे तिने इथेच उतरावे, पाय बरा करावा, पुढच्या पौर्णिमेच्या फेरीत तिची जागा तयार असेल, असे त्याने सांगितले.

"आणि मी उतरले तर?" सायाळीने विचारले.

पाणमांजराने खाली पाहिले. "तुमची जागा सुटली. पुढच्या फेरीच्या सगळ्या जागा आत्ताच भरल्यात. मी तेव्हा सांगितलं होतं, सायाळबाई."

"हो," ती म्हणाली. "दोनदा सांगितलं होतंत."

तिला पाणमांजराचा राग आला नाही. राग यायला दुसरे कोणी असते तर बरे झाले असते, असे मात्र वाटले. वाऱ्याला आताच खारट वास येत होता. समुद्र अवघ्या तीन दिवसांवर होता. मावशीला सांभाळायला थांब्यावर दुसरे प्राणी आहेत, आपण पाहून सहा-सात दिवसांत परत येऊ, असे एक मन म्हणत होते. तिने घोरपडीकडे पाहिले. घोरपड काठावरच्या दगडावर, दुखरा पाय पोटाशी घेऊन, नदीकडे तोंड करून बसली होती. तिथे तिला नदी दिसत नव्हती, नुसती चकाकी दिसत असणार.

सायाळ तराफ्यावरून उतरली. शिंगाड्यांचा द्रोण तिने तिथेच राहू दिला.

महिनाभर दोघी त्या बनात राहिल्या. सायाळीने घोरपडीसाठी एका कोरड्या उंचवट्यात बीळ खणले, तिच्यापुरती वाळवी शोधून आणली, पायावर पाला चुरून बांधला. सूज हळूहळू उतरली. एका सकाळी उन्हात बसलेल्या असताना सायाळ म्हणाली, "मावशी, मला वाटलं, मी नुसती जागाच तर बदलतेय."

"मलाही तसंच वाटलं होतं," घोरपड म्हणाली. "बसल्यावर कळलं."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

घोरपडीने दुखरा पाय उन्हात पसरला. मग म्हणाली, "तू इतकी आनंदात होतीस. आणि खरं सांगू? मी समुद्रासाठी कुठे निघाले होते? समुद्र मला किती दिसणार? तू निघालीस म्हणून मी निघाले."

सायाळ घोरपडीच्या जरा जवळ सरकली, इतकेच. काटे लागणार नाहीत, एवढे अंतर राखून.

पौर्णिमेला निघालेला तराफा तिसऱ्या दिवशी बनापाशी आला. घोरपड जायला तयार नव्हती. आपण दोघी चालत घरी जाऊ, असे ती म्हणत राहिली. पण सायाळीने ऐकले नाही. मावशी, तुझी जागा तुझ्या कष्टांची आहे, माझ्या चुकीपायी ती वाया गेली तर मला बीळ गोड लागणार नाही, असे तिने सांगितले. मग ती पाणमांजराकडे गेली. या वेळी तिने स्वतःसाठी काही मागितले नाही. "मावशीला तुमच्या वल्ह्यापाशी बसवा," ती म्हणाली, "आणि वळण यायच्या आधी तिला हळूच सांगा. ती विचारणार नाही, तुम्हीच सांगा." पाणमांजराने ते कबूल केले.

तराफा वळणाआड जाईपर्यंत सायाळ काठावर उभी होती. नंतरही थोडा वेळ उभी राहिली.

सात दिवसांनी कासवांनी तराफा ओढत परत आणला. घोरपड सावकाश उतरली. घरी तराफ्यावरूनच जा म्हणून पाणमांजराने आग्रह केला, पण ती सायाळीबरोबर चालत जायचे म्हणाली. दोघी नदीच्या वरच्या अंगाला निघाल्या. सायाळीला विचारायचे होते आणि विचारवत नव्हते. शेवटी घोरपडच बोलू लागली.

"डोळ्यांना फार काही दिसलं नाही बघ," ती म्हणाली. "पांढरं-पांढरं होतं, आणि ते संपतच नव्हतं. पण मी पाण्यात जाऊन उभी राहिले. लाट येते ती कळते. लाट परत जाते ना, तेव्हा ती आपल्या पायाखालची वाळू घेऊन जाते. हळूहळू, कणाकणाने. आपण हललेलो नसतो, तरी वाटतं की आपण कुठेतरी निघालोय. मी तशी सकाळभर उभी होते."

सायाळ थांबली. "मग भीती नाही वाटली?"

"पहिल्यांदा वाटली. मग मनात आलं, हे तुला सांगायचंय, नीट लक्षात ठेवायला हवं. मग नाही वाटली."

सायाळीने मान वळवून नदीकडे पाहिले. नदी आपल्या वाटेने खाली जात होती. पुढच्या भाद्रपदात वेली गोळा करायच्या, दोघींच्या मिळून वीस वेटोळी, असे तिने मनाशी ठरवले. घोरपडीचा पाय अजून जरा लंगडत होता, म्हणून सायाळ हळू चालत होती. वाटेत कुठे मूळ आडवे आले, कुठे दगड निसटता होता, ते ती आधी सांगत होती. घोरपड तिच्या मागून समुद्राचे पुढचे सांगत येत होती.

तात्पर्य : नव्या सवलतीत काय मिळणार ते लगेच दिसते, जुने सोडताना काय हातचे जाणार, ते मात्र थांबून पाहावे लागते.