शून्यातला अग्नी

वाऱ्याचा मांत्रिक वेगळा, पाण्याचा वेगळा, अशी चांदणपुरची रीत. त्यात अग्नीचे ज्वालानंद महाराज फारच मिजासखोर. "मी शून्यातून अग्नी काढतो! उद्यापासून गावातल्या चुली बंद. विस्तव माझ्याकडूनच न्यायचा!" असा त्यांनी चावडीवर हुकूम सोडला.

रेवतीची खानावळ चुलीवर चालायची. ती रडकुंडीला आली. शेजारच्या सुगंधाकाकूंना मात्र वेगळंच कोडं पडलेलं. घरोघर डोकावायची सवय त्यांना. महाराजांनी मंत्र म्हटला, की कुणाचं अंघोळीचं पाणी गार, तर कुठे बाळंतिणीची शेगडी गार. हे काय गौडबंगाल?

तेवढ्यात चावडीवर सगळ्यांसमोर महाराजांनी तळहातावर ज्वाळा काढून दाखवली, आणि काकूंच्या हातातला वाफाळता चहा गारढोण! काकूंनी कपाकडे पाहिलं, मग ज्वाळेकडे.

"महाराज, शून्यातूनच काढता ना? मग आम्ही सगळे आपापल्या शेगड्या घेऊन टेकडीपलीकडे जातो. तुम्ही इथं एकट्यानं पेटवा."

"एकट्यानं? मग ऊब कुणाची ओढू?" महाराज बोलून गेले.

"अगंबाई, स्वतःच्या अंगातली ओढा की!"

महाराजांनी शाल घट्ट लपेटली आणि हुकूम मागे घेतला.