दहावी काडी

"मेलेल्या काडीला पान कसं फुटतं, बाबा?"

महिपत झेंड्याने उभ्यानेच विचारले. खिंडीची चढण चढून त्याला धाप लागली होती, पण तो बसायला तयार नव्हता. काखेत ओल्या फडक्याची गुंडाळी होती.

गुलाबशा फकीर खिंडीतल्या आपल्या तकियाच्या ओट्यावर माती चाळत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"मेलेली आहे, हे कुणी सांगितलं?"

"मी सांगतो."

"आणि पान फुटलं, हे कुणी सांगितलं?"

"माझ्या डोळ्यांनी बघितलं!"

"हं... मग तू आणि तुझे डोळे, दोघांतलं कुणीतरी खोटं बोलतंय."

महिपतला राग आला. त्याच्याशी असे बोलणारा माणूस खालच्या गावात नव्हता.

अंजिराची रोपे करण्यात त्याची पन्नास वर्षे गेली होती. साल बघून तो काडीचे वय सांगायचा. लांबलांबचे बागाईतदार त्याच्या दारात येऊन बसायचे आणि तो त्यांना तासभर बसवून ठेवायचा. लोक त्याला विचारायला येत. तो कधी कुणाला विचारायला गेला नव्हता.

आज आला होता. तोही भर बारा वाजता. या वेळेला खिंडीत कुणी थांबत नाही, म्हणजे कुणी बघणारही नाही, असा त्याने हिशेब केला होता.

खरेच कुणी नव्हते. ऊन सरळ डोक्यावर होते. सावल्या पायाखाली गेल्या होत्या. मघापर्यंत ओरडणारे किडेसुद्धा गप्प झाले होते.

ओट्याच्या कडेला सात मडकी ओळीने मांडलेली होती. प्रत्येकावर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी उपडी घालून सुतळीने बांधली होती. पिशव्या आतून धुरकटल्या होत्या. काड्या लावल्या की ओल धरून ठेवायला महिपतही अशाच पिशव्या घालायचा. तरी त्याने त्यांच्यावरून नजर काढून घेतली.

"बस," फकीर म्हणाला.

"मी कलमं शिकायला आलो नाही, बाबा. मला सगळं येतं."

"मग जे येतं ते तिथं चपलांजवळ ठेव. कुणी नेणार नाही."

महिपत बसला.



"घरामागं एक अंजीर आहे," शेवटी महिपत म्हणाला. "आमच्या मंडळींनी लावलेलं. लग्न होऊन आली तेव्हा माहेराहून काडी आणली होती. ओल्या चिंधीत, ट्रंकेत, लुगड्यांच्या मधे. मी हसलो होतो. म्हटलं, अंजीरवाल्याच्या घरी अंजीर आणलंस होय?"

"मग?"

"मोरीचं पाणी जातं तिथं तिनं लावली. माझ्या सगळ्या बागेत तसं फळ नाही... नव्हतं."

"नव्हतं?"

"खोडकिडा लागला. खोड आतून पोकळ झालं. एक फांदी तेवढी जिती होती. तिच्या दहा काड्या काढल्या. दुसऱ्या दिवशी फांदीही वाळली. आता जे काही आहे ते या दहा काड्यांत."

"आणि मंडळी?"

"गेल्या माघात गेली."

"नाव काय?"

महिपत घुटमळला. चाळीस वर्षांत त्याने बायकोचे नाव घेतले नव्हते. लग्नात उखाण्यात घेतले तेवढेच. नंतर "अगं", "ऐकलं का", नाहीतर नुसते खाकरणे. सरकारी कागदावर नाव लिहायची वेळ आली, तेव्हाही त्याने भावाला सांगायला लावले होते.

"ठकूबाई," तो म्हणाला.

ओट्यावरच्या सातव्या मडक्याची पिशवी आत ओढली गेली. कुणी श्वास घ्यावा तशी. मग हळूहळू फुगली.

वारे नव्हते. समोरच्या लिंबाचे पान हलत नव्हते.

महिपतने ते पाहिले. फकिराने पाहिले की नाही, कळले नाही.

"पुढं सांग."

"नऊ काड्या तिच्या खोलीत लावल्या. तिथं झळ लागत नाही. बाराव्या दिवशी पानं फुटली. त्याचं मला काही नाही. अंगातल्या चिकावर काडी पान काढते, खाली मुळी नसली तरी. नवशिके फसतात, मी फसत नाही. पण बाबा..."

"हं."

"उजेड खिडकीतून येतो. पानं खिडकीकडं वळायला हवीत. ती वळली बाजेकडं. नऊच्या नऊ. तिची बाज आहे तिथं. रिकामी. अंजिराचं पान म्हणजे हाताचा पंजाच. खोलीत गेलो की नऊ काड्यांचे पंजे त्या रिकाम्या बाजेकडं पसरलेले."

फकीर चाळतच होता.

"विसाव्या दिवशी एकेक करून माना टाकल्या. आठ गेल्या. नववीही गेली. वाळली. वाकवली असती तर काडकन मोडली असती. म्हटलं, सकाळी फेकू. सकाळी बघतो तर तिला पान. हिरवंगार. पिशवी आतून एवढी धुरकटलेली, की वरून बोटानं रेघ ओढावीशी वाटावी. वाळक्या मातीत ओल कुठून आली?"

"मग काय केलंस?"

"उपटून बघितलं."

"आणि?"

"मुळी नाही. एक केसभरसुद्धा नाही. माझ्या हातातच पान गळून पडलं."

चाळणी थांबली.

"आधीच्या आठांना मुळी नव्हती, ते कसं कळलं?"

"मेल्यावर उपटून बघितल्या."

"मेल्यावर?"

"मेल्यावर."

"तुझी ती हजारो रोपं. त्यातली किती उपटून बघतोस?"

"एकही नाही. खुळा आहे का मी? काडी हलली की मुळी तुटते. माझ्याकडं कामाला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी हेच सांगतो. हात लावशील तर हात तोडीन."

"वा! कलमांचा बादशहा आहेस." फकिराने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिले. त्याच्या एका डोळ्यात फूल पडले होते. "दहावी कुठं आहे?"

महिपतने काखेतली गुंडाळी पुढे केली. फडके उलगडले. वीतभर काडी, अंगठ्याएवढी जाड, चार डोळ्यांची, प्रत्येक डोळ्यात मिटलेला कोंब. खालचा काप तिरका, वरचा सरळ. काप नजर लागावी इतका सुंदर होता.

"ही मागं ठेवली होती. माठाखाली, गारव्याला. नऊ गेल्या तशी ही लावली."

"लावली? कधी?"

"आज आठवा दिवस."

"हं..." फकिराने काडी हातात घेतली नाही. "आठ दिवसांपूर्वी मातीत लावली. मग इथं कशी आली?"

महिपतने काडीकडे पाहिले.

काडीच्या सालीला ओल्या मातीचा एक कण चिकटला होता. तो कणही आता दोघांनी पाहिला.

"पायांनी चालत आली का रे?"

"तुम्हाला दाखवायची होती, म्हणून..."

"त्याआधी किती वेळा काढलीस?"



"रोज," तो म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता. "रोज सकाळी. हीही, आणि आधी त्या नऊच्या नऊ. अलगद काढायचो. बघायचो आणि परत ठेवायचो. कुणाला दिसू नये म्हणून दार लावून घ्यायचो."

लिंबावर एक कावळा येऊन बसला. ओरडला नाही.

"हजारांतल्या एकीलाही हात लावत नाहीस. हिलाच का?"

"त्या विकायच्या असतात."

फकीर हसला नाही. एक रिकामे मडके पुढे ओढून तो त्यात माती भरू लागला. एक मूठ... दुसरी मूठ...

"तिची झोप कशी होती?"

"कुणाची?"

"नाव तूच घेतलंस मघाशी."

महिपतचे हात गुडघ्यांवर होते. ते त्याने काखेत घातले. उन्हातही त्याला थंडी वाजू लागली होती.

"दम्यानं झोप यायची नाही. पहाटे कुठं लागायची. मी शेजारी बसून असायचो. छाती हलते का बघायचो. दिसलं नाही की नाकाखाली बोट धरायचो. बोट लागलं की ती दचकून जागी व्हायची. मी म्हणायचो, काही नाही, झोप. घटकाभरानं परत तेच. दोन महिने... मला भीती वाटायची, बाबा."

"शेवटी काय म्हणाली?"

"तुम्हाला कुणी सांगितलं, की ती काही म्हणाली?"

फकीर माती भरत राहिला.

"म्हणाली..." महिपतने तोंड लिंबाकडे फिरवले. माणसांसमोर तो कधी रडला नव्हता. "म्हणाली, झोपू द्या हो. आत्ता कुठे झोप लागत होती. तेवढंच. परत बोट धरलं, तेव्हा जागी झाली नाही."

फकिराने हात पुढे केला. "आण ती काडी."

महिपतने काडी दिली नाही. मांडीवर होती ती दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"ही गेली तर काही उरत नाही, बाबा. ना झाड, ना..."

"आण."

त्याने काडी दिली.

"आता ऊठ. पाठ फिरव. मी सांगेपर्यंत वळायचं नाही. वळलास तर काडी उचल, खाली जा, आणि पुन्हा या खिंडीत येऊ नकोस."

महिपत उठला. पाठ फिरवून उभा राहिला. समोर नुसते ऊन होते. ऊन आणि त्यात हरवत जाणारी पायवाट.

मागे मडके ओट्यावर सरकल्याचा आवाज आला. माती ओतली गेली. पाणी पडले. तळहाताने माती दाबल्याचा आवाजही त्याने ओळखला. प्रत्येक आवाज त्याच्या ओळखीचा होता. तो मनात म्हणाला, आता दोन डोळे मातीत गेले, आता पिशवी घातली, आता सुतळी.

मग ओळखीचा नसलेला एक आवाज आला.

बाज करकरली.

कुणीतरी कूस बदलावी, तशी सुंभाची बाज करकरली. मग कण्हल्यासारखा एक उसासा. महिपतच्या मानेवरचे केस उभे राहिले. तकियात बाज नव्हती. येताना त्याने सगळे पाहिले होते. ओटा, चटई, मडकी. बाज कुठेच नव्हती.

मग श्वास ऐकू आला. आत ओढताना बारीक शीळ वाजायची, तो श्वास. दोन महिने त्याने रात्रंदिवस ऐकलेला.

शीळ वाजली... थांबली.

परत वाजली... थांबली.

या वेळी परत वाजली नाही.

महिपतची मान वळू लागली. आपल्या मानेला आपणच धरावे, तसे त्याने दोन्ही हातांनी डोके धरले. उजव्या हाताचे बोट आपोआप ताठ झाले होते. ते त्याने मुठीत दाबून टाकले. नखे तळव्यात रुतली. तो वळला नाही.

किती वेळ गेला, त्याला कळले नाही. सावली पायाखालून निघून वीतभर पुढे आली होती.

"हं," फकीर म्हणाला. "घेऊन जा."

ओट्यावर चटई होती, चाळणी होती. बाज नव्हती.

एका नव्या मडक्यावर पिशवी बांधली होती. आत काही दिसत नव्हते. नुसते धुके.

"गाठ कधी सोडू?"

"झाडाला पिशवी फाडता येते."

महिपतने मडके छातीशी धरले आणि तो उतरू लागला. चालताना ते हलू नये म्हणून पाय मोजून टाकत होता. पिशवी त्याच्या गळ्याशी होती. आतले धुके वाढायचे, विरायचे. वाढायचे, विरायचे. पहिल्या वळणावर त्याची चाल त्याच लयीत पडली. दुसऱ्या वळणावर किती तरी दिवसांनी त्याचे खांदे सैल झाले.

तिसऱ्या वळणावर धुके विरले आणि परत आले नाही.

तो थांबला. पिशवी कोरडी होत गेली. आत चार डोळ्यांची काडी स्वच्छ दिसली. सरळ, काळपट, गप्प.

त्याने वाट पाहिली. मनात पन्नास मोजले, शंभर मोजले. पिशवी कोरडीच.

त्याचे बोट गाठीवर गेले. सुतळीचे टोक चिमटीत आले. ओढले की झाले असते...

मग तो वळला आणि मडके तसेच छातीशी धरून, घसरत, धापा टाकत चढण चढू लागला. वहाणेचा अंगठा तुटला, ती त्याने तिथेच टाकली. तकियाच्या ओट्यापाशी येऊन तो ओरडला, आणि त्याचा आवाज सगळ्या खिंडीत घुमला.

"बाबा! श्वास थांबला! बाबा, बघा हो, श्वास थांबला!"

फकिराने मडक्याकडे पाहिले नाही. महिपतच्या हाताकडे पाहिले. बोट अजून गाठीवर होते. गाठ सुटलेली नव्हती.

तो ओट्यावरून उतरला. जवळ आला. ते बोट त्याने दोन बोटांत धरले आणि अगदी हळू, झोपलेल्या पोराच्या मुठीतून खेळणे काढावे तसे, सुतळीवरून उचलून बाजूला केले.

"हळू बोल," तो म्हणाला. "आत्ता कुठे झोप लागलीय."