लॉरीच्या चार प्लगांचा मान

दसऱ्याच्या आदल्या दिवशी जांभूळगडच्या महाराजांनी एक भयंकर निर्णय घेतला: लॉरीचे प्लग आपण स्वतःच बदलायचे!

संस्थान एवढंसं, पण लॉरी मात्र विलायती, पेट्रोलवर चालणारी, चार सिलिंडरची. हत्ती म्हातारा होऊन मेल्यापासून सीमोल्लंघनाला महाराजांची स्वारी लॉरीतूनच निघे. चार दिवस ती आचके देत होती. ड्रायव्हर बाबालाल तांबोळी हात जोडून म्हणाला, "सरकार, प्लग काजळल्यात. मिरजेहून मिस्त्री बोलावूया, तासाभराचं काम हाय."

"मिस्त्री कशाला?" महाराज कडाडले. "मोटारीचं पुस्तक मी वाचलंय!"

वाचलं होतं, खोटं नाही. पहिली सात पानं वाचली होती. प्लगचं प्रकरण नवव्या पानावर सुरू होत होतं, पण आठव्याच पानावर झोप लागली त्याला महाराज तरी काय करणार?

मग काय! महाराजांनी बाह्या सरसावल्या. दिवाणजी पाना झेलायला रेशमी रुमाल पसरून उभे राहिले. महाराजांनी चारही वायरी एकदम उपटल्या, जुने प्लग काढले, नवे बसवले आणि वायरी डावीकडून उजवीकडे ओळीनं लावून टाकल्या.

"वा! काय बैठक आहे सरकार!" दिवाणजी म्हणाले. प्लग कशाशी खातात हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण वाहवा कधी करायची ते पक्कं ठाऊक होतं.

बाबालालने हँडल मारलं. लॉरी खोकली, शिंकली, मागून बंदुकीसारखा बार काढला आणि गप्प झाली. त्या दणक्याने दिवाणजींची पगडी खाली आली.

महाराज लालबुंद झाले. "प्लग मी बसवलेत, म्हणजे ते बरोबरच असणार. मग दोष कुणाचा? ड्रायव्हरचा! बाबालाल, दिवस मावळायच्या आत लॉरी चालू झाली पाहिजे. मिस्त्री आणायचा नाही. इंजिनाला माझ्याखेरीज कुणाचा हात लागता कामा नये. आणि 'सरकार चुकले' असं जो म्हणेल, त्याने संस्थानाबाहेरचा रस्ता धरावा. नाही जमलं तर तुझी नोकरी गेली, आणि राहती खोलीही!"

न्याय म्हणावा तर असा!

बाबालाल तोंड पाडून घरी आला. त्याची बायको जैनबी दरबारासाठी विडे बांधत होती. विडे बांधायचे आणि मानकऱ्यांना नेऊन द्यायचे, हे तिचं काम.

"दरसाली मिस्त्रीच्या शेजारी उभं ऱ्हाऊन बगितलंय मी," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "सिलिंडर ओळीनं बसल्यात, पर प्लगांनी ठिणगी ओळीनं द्यायची नसती! आधी पयल्याला, मग तिसऱ्याला, मग चौथ्याला आन् शेवटी दुसऱ्याला. वायरींची पाळी चुकली, एवढंच झालंय. पर सरकारांना सांगायचं कुनी?"

जैनबीचा हात थांबला. पहिला, तिसरा, चौथा, दुसरा? हे तर तिला तोंडपाठ होतं!

"तुमी तोंड धुवा आन् लॉरीपाशी जाऊन उभं ऱ्हावा," ती म्हणाली. "बोलू नगा कायबी. ते तुमाला जमत न्हाई."

दुपारी दरबार भरला. चार मानकरी आपापल्या गादीवर ओळीनं बसले. पण जांभूळगडात विडा ओळीनं मिळत नसे. दुसऱ्या गादीवरच्या रणदिव्यांचे पणजोबा कुठल्याशा लढाईला जेवण आटोपून पोचले होते, म्हणून त्या घराण्याचा विडा चौघांत शेवटचा. पाचवा विडा नव्हताच. दिवाणजी दहा वर्षं त्यावर डोळा ठेवून होते.

जैनबी तबक घेऊन आली. पहिल्या मानकऱ्याला विडा दिला आणि सरळ रणदिव्यांपुढे तबक धरलं! मग तिसऱ्यापुढे, मग चौथ्यापुढे!

एकच गहजब! तिसरे मानकरी संतापाने खोकू लागले. चौथ्यांनी दाणकन मूठ आपटली. आणि जन्मात पहिल्यांदाच लवकर विडा मिळाल्याने रणदिव्यांना उचकी लागली.

"जैनबी!" महाराज गरजले. "अक्कल गहाण टाकलीस?"

"काय चुकलं सरकार? ओळीनं बसल्यात, ओळीनं दिला."

"ओळीनं बसले म्हणून ओळीनं द्यायचा? अगं, प्रत्येकाची पाळी ठरलेली असते! आधी पहिला, मग तिसरा, मग चौथा, शेवटी दुसरा! पाळी चुकली की काय होतं बघ. हा खोकतोय, तो आपटतोय!"

"व्हय सरकार. अंगणातबी असंच चौघं ओळीनं बसल्यात. सकाळधरनं खोकत्यात, आपटत्यात. त्यास्नीबी कुनीतरी पाळीनं द्याया पायजे."

"अंगणात कोण बसलंय?" दिवाणजींनी विचारलं.

महाराजांनी खिडकीतून लॉरीकडे पाहिलं, मग मानकऱ्यांकडे पाहिलं आणि तरातरा अंगणात गेले. पहिली वायर तशीच राहू दिली, बाकीच्या तिन्ही काढून विड्याच्या पाळीनं लावल्या. बाबालालने हँडल मारलं. एका फटक्यात लॉरी सुरू! खोकला नाही की बार नाही!

महाराज काळ्या हातांनी दरबारात परतले. "म्हणजे मी चुकलो होतो, असं तुझं म्हणणं?"

संस्थानाबाहेरचा रस्ता काही फार लांब नव्हता.

"तोबा! असं कवा म्हनाले मी? पाळी सरकारांनीच सांगितली, वायरीबी सरकारांनीच लावल्या. मिस्त्री आला न्हाई, दुसरा हात लागला न्हाई. चुकले ती मी, विडा देताना."

महाराजांच्या मिशा थरथरल्या. "बरं, मग एवढं सांग. पुढच्या वेळी प्लग मी बदलू की मिस्त्री बोलावू? खरं बोल!"

"सरकार, दाढी आपन सोता करता?"

"छे! न्हावी करतो."

"वस्तरा तर सरकारांकडंबी आसंल की."

"असला म्हणून काय झालं? गळा माझा आहे!"

"मग लॉरी कुनाची हाय, सरकार?"

दिवाणजींनी पगडी घट्ट धरली. आणि मग महाराज जे हसत सुटले, ते डोळे पुसता पुसता त्यांचं सगळं तोंड काळं झालं तरी थांबेनात!

"उद्याच मिरजेला तार करा, दरसाली मिस्त्रीच येईल!" ते म्हणाले. "बाबालालची नोकरी कायम, खोली कायमची त्यांची. आणि जैनबी, उद्याच्या दरबारात पाचवा विडा तुझ्या नवऱ्याला!"

"आणि मला, सरकार?" दिवाणजी कळवळले.

"तुम्हाला सहावा!"

आपल्यामागे आता आणखी दोघं आहेत हे ऐकलं मात्र, रणदिव्यांची उचकी थांबली.