मच्छिंद्रचा डबा

"मग माझ्या हातचं काय कडू लागतं का तुम्हाला?"

मच्छिंद्रने विचारलं आणि पाण्याचा तांब्या दाणकन ओसरीवर ठेवला.

आबानाथ भाकरी चावत राहिले. दात चारच उरले होते, एकेका घासाला वेळ लागायचा.

भाकरी गैबीच्या हातची होती. तेच तर मच्छिंद्रला खुपत होतं.

आठ वर्षं या टेकडीवरच्या मठाची चूल त्याने सांभाळली. डिप्लोमाचं तिसरं वर्ष अर्धवट टाकून इथे आला, तेव्हा बाप म्हणाला होता, पुन्हा तोंड दाखवू नकोस. बापाने आयुष्यात पाळलेला तो एकच शब्द. पुढे आबानाथांना मधुमेह निघाला, तशी याने सगळ्या मठाची साखर बंद केली. गुळाची ढेप गाईला घातली. पेढे घेऊन येणाऱ्यांना पायरीवरूनच माघारी धाडलं. म्हातारा पेढ्यांच्या पुड्याकडे वळून वळून बघायचा, पण याला कधी दया आली नाही.

आणि सहा महिन्यांपूर्वी हा गैबी उगवला. तिशीचा, ढाब्यावर भाकऱ्या थापून आलेला, विचारल्याशिवाय तोंड न उघडणारा. पहिल्याच दिवशी आबानाथांनी त्याची भाकरी मागून घेतली. दुसऱ्या दिवशी चूलच त्याच्याकडे गेली.

मठाचा रिवाज असा, की गुरू थकले की एका दत्तजयंतीला ते ज्याच्या हातची भिक्षा घेतील, पुढे गादी त्याची. ती दत्तजयंती परवा होती.

"मी काहीतरी विचारलं."

"ऐकलं…"

"आणि आशाताई काय म्हणाल्या, ते?"

गावातल्या आशाताई दर सोमवारी टेकडी चढून यायच्या, बोटाला सुई टोचून साखर बघायच्या. सहा महिने आकडा चढतच होता. आज सकाळी तर त्यांनी यंत्र झटकून पुन्हा बघितलं होतं. पायाची जखम अशी बरी व्हायची नाही बाबा, म्हणाल्या.

मच्छिंद्रच्या मते यात कोडं काही नव्हतंच. गैबी आमटीत साखर टाकतो. ढाबेवाले सगळेच टाकतात, नाहीतर लोक बोटं कशाला चाटतील.

"टाकताना पाहिलंस?" आबानाथांनी विचारलं.

पाहिलं नव्हतं. त्याने गैबीचे डबे हुंगले होते, पिठाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घातला होता, शेवटी त्याची वळकटीसुद्धा सोडून झटकली होती. एक जुना स्वेटर निघाला. गैबी बघत होता आणि भाकरी थापत होता.

"आज पकडतोच," मच्छिंद्र म्हणाला. "मुंग्यांना कुणाची भीड नसते."

ओसरीच्या कठड्यावरून मुंग्यांची रांग बारा महिने चालायची. त्याने पळसाच्या पानावर गैबीची आमटी ओतली आणि पान बरोबर रांगेच्या वाटेत ठेवलं. मग उकिडवा बसून राहिला.

आबानाथही जेवायचे थांबून बघू लागले.

मुंग्या पानापाशी आल्या. थबकल्या. मिशा हलवल्या…

आणि पानाला वळसा घालून पुढे गेल्या.

खांबावर चढल्या, तुळईवरून आबानाथांच्या अंथरुणाकडे वळल्या आणि उशाशी असलेल्या कोनाड्यात शिरल्या.

कोनाड्यात मच्छिंद्रचा डबा होता.

चूल हातची गेली, तेव्हापासून तो दर बाजारी तालुक्याला जाऊन डबा भरून आणायचा. बिनसाखरेच्या चहाबरोबर टोस्ट. दुधात घालायला ताकदीची पावडर, तिच्या पुड्यावर पळणारा म्हातारा आणि हिरवं पान. बाटलीतला डाळिंबाचा रस. चिमूटभरही साखर नाही, आजारी माणसालाच देतात, असं दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. सकाळी आणि दुपारी, गैबीची पाठ वळली की हा स्वतःच्या हाताने भरवायचा. म्हाताऱ्याचे डोळे सुखाने मिटायचे. हा मनात म्हणायचा, बघ गैब्या, बघून घे.

त्याने डबा खाली काढला. आतून मुंग्यांनी काळा झाला होता.

टोस्टचा पुडा उलटा करून त्याने बारीक अक्षरं पहिल्यांदाच वाचली. आधी मैदा, लगेच साखर. पावडरीवर साखर दोनदा होती, एकदा स्वतःच्या नावाने, एकदा दुसऱ्याच नावाने. डाळिंबाच्या बाटलीत डाळिंब शेवटून तिसरं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"जिभेला कळतं."

"मग खात का होतात?"

आबानाथांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं.

"गोड होतं…"

मच्छिंद्रने पुडा ओसरीवर आपटला. सगळे म्हातारे एकाच मातीचे. हा इथे सहा महिने एका माणसाच्या नावाने खडे फोडत होता, आणि ही दाढीवाली मूर्ती टोस्ट बुडवत गप्प बसली होती.

"मी गैबीवर आळ घेत होतो, ते दिसत होतं तुम्हाला."

"दिसत होतं."

"आणि बोलला नाहीत."

"बोललो असतो तर डबा बंद झाला असता."

म्हाताऱ्याने मान खाली घातली नाही, की नजर चुकवली नाही. घाव लागलेला पाय तेवढा धोतराखाली ओढून घेतला.

मच्छिंद्रने डबा दरीत भिरकावायला उचलला. हात वरच राहिला. मुंग्या मनगटावरून कोपराकडे निघाल्या होत्या.

"परवा कुणाच्या हातची घेणार, तेवढं सांगा," तो म्हणाला. आवाज त्याला वाटला होता तेवढा मोठा निघाला नाही.

आत चुलीपाशी गैबी रिकाम्या पातेल्याचा तळ खरवडत होता. तो आवाज बराच वेळ येत राहिला…

"डबा खाली ठेव," आबानाथ म्हणाले. "आत जा, आणि गैबीला विचार, तू जेवलास का. सहा महिन्यांत या मठात त्याला कुणी विचारलेलं नाही. मीसुद्धा नाही."