गुरुवारची पोटदुखी

"...आणि काखेत कांदाही सापडला नाही, तर? मग खोटं दुखणं ओळखायचं कसं?"

हर्षदा सिस्टरने विचारलं आणि टेबलावरचा कागद तळहाताने सरळ केला.

एस्तेरबाई जुन्या सुती साडीच्या पट्ट्या फाडत होत्या. शाळेला मिळणारी पट्टी मुरगळलेल्या पायावर टिकत नाही, असं त्यांचं मत होतं.

एस्तेरबाई भालेराव या निवासी शाळेच्या पहिल्या नर्स. एकतीस वर्षं त्यांनी याच खोलीत काढली होती. दोन खाटा, एक स्टूल, औषधांचं कपाट, वजनाचा काटा. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी रोज दहाच्या ठोक्याला त्या इथे येऊन बसत. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. जा म्हणायचं धाडसही कुणाला झालं नव्हतं. मुली, मास्तर, स्वयंपाकीण, सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत.

हर्षदा वाकचौरे त्यांच्या जागेवर आलेली चौथी नर्स. विद्यापीठात तिसरी आलेली. नेमणूक कंत्राटी, जूनपर्यंतची.

कांद्याचं असं होतं, की काखेत कांदा धरून बसलं म्हणजे ताप चढतो, ही विद्या या शाळेत मोठ्या मुलींकडून धाकट्या मुलींकडे जात असे. ताप चढो न चढो, वास मात्र चढायचा. हर्षदाने पहिल्याच महिन्यात तो ओळखला, आणि तेव्हापासून थर्मामीटर लावण्याआधी ती हुंगायची.

"गेल्या महिन्यात सतरा पकडल्या," ती म्हणाली. "एकीने तर थर्मामीटर चहात बुडवलं होतं. एकशे आठ निघाला."

"जगली का?"

"बाई, चेष्टा नाही. पोट दाबताना मी जेवणाचा विषय काढते. लक्ष तिकडे गेलं, की खरं दुखणं कण्हतं आणि खोटं दुखणं विसरतं. परवा एक लगेच म्हणाली, सिस्टर, आज पण दोडकाच आहे का? पकडली."

"दोडक्याने माझंही दुखतं."

हर्षदाचा चेहरा पडला.

"तुम्हाला हसू येतं. पण दिवसभर माझ्याकडे येतं कोण? चित्रकलेच्या सरांना बीपी बघून घ्यायचा असतो, म्हणजे अर्धा तास सुटतो. सोमवारी लोहाच्या गोळ्या वाटते, त्या मंगळवारी जास्वंदीच्या कुंडीत सापडतात. पाहुणे आले की हारांचं तबक माझ्या हातात. का, तर पांढरा गणवेश फोटोत उठून दिसतो. या कागदामुळे निदान मला कुणी काही विचारतं तरी."

"त्या जास्वंदीला फुलं चांगली येतात," एस्तेरबाई म्हणाल्या आणि पुढची पट्टी फाडली.

कागद मुख्याध्यापक नवले सरांनी आखून दिलेला होता. नाव, इयत्ता, तक्रार, आणि शेवटचा रकाना: खरी की खोटी. ज्यांच्यापुढे 'खोटी' लिहिलेलं असे त्यांची नावं शनिवारच्या परिपाठात सगळ्या शाळेसमोर वाचली जात, आणि त्या मुलींनी जागेवर उभं राहायचं. पहिल्या यादीनंतर दवाखान्यातली गर्दी निम्म्याने कमी झाली. सभेत सरांनी हर्षदाचं नाव घेऊन कौतुक केलं. तिने ते घरी फोन करून सांगितलं होतं.

आता दुसरी यादी. आणि या वेळी सरांनी एक कलम वाढवलं होतं: ज्या मुलीचं नाव दुसऱ्यांदा येईल, तिच्या हातात शाळा सोडल्याचा दाखला.

"अडलं कुठे?" एस्तेरबाईंनी विचारलं.

"एका नावावर. वेणू मेंगाळ, सातवी ब."

"काय होतं तिला?"

"पोट दुखतं म्हणते. दिवाळीपासून दर गुरुवारी, तिसऱ्या तासाला. इतर दिवशी ठणठणीत."

"पोटात कुठे?"

"दर वेळी वेगळीकडे."

"मग तू काय करतेस?"

"तपासते. काही नसतं. वर्गात परत पाठवते." हर्षदाने घड्याळाकडे पाहिलं. "चार मिनिटांत."

"...चार."

"आणि बाई, नाव सगळ्यांसमोर वाचलं गेलं, उभं केलं, तरी पुढच्या गुरुवारी पुन्हा दारात हजर. इतकी निगरगट्ट. खोटं आहे, माझी खात्री आहे. फक्त पुरावा नाही."

"गेल्या महिन्यात होता?"



"...गेल्या महिन्यात अंदाजाने लिहिलं," ती म्हणाली. "तेव्हा दाखल्याचं नव्हतं. म्हणून तर तुम्हाला विचारते. तुम्ही एकतीस वर्षं पोरी पाहिल्यात. तुमच्याकडे काहीतरी खूण असेलच. ती सांगा. सर आता येतील."

एस्तेरबाईंनी मांडीवरच्या पट्ट्या खाली ठेवल्या. उठल्या. खिडकीजवळच्या खाटेवर गेल्या, चपला काढल्या आणि सरळ आडव्या झाल्या.

"काय झालं बाई?"

"पोट दुखतंय."

"...आत्ता?"

"दुखणं वेळ ठरवून येतं का? तपास."

हर्षदाला हसावं की रागवावं कळेना. पण शिकलेली मुलगी. तिने नाडी पाहिली. जीभ पाहिली. पोट चारी बाजूंनी दाबलं, आणि दाबता दाबता विचारलं, "आज घरी काय केलंत?"

"पिठलं."

कण्हणं नाही, काही नाही.

"कांदाही बघून घे," म्हणून एस्तेरबाईंनी हात वर केला.

हर्षदाने तो हात धरून खाली ठेवला. "काही झालेलं नाही तुम्हाला."

"मग लिही."

"काय लिहू?"

"नाव, तक्रार. आणि शेवटचा रकाना."

हर्षदाने पेन उचललं. यादीच्या तळाशी नाव लिहिलं. तक्रार लिहिली. मग पेन थांबलं.

"लिही की. तपासलंस ना?"

"तपासलं. पण..."

"पण काय?"

"तुमच्या पोटात काय होतंय, ते मला बाहेरून कसं कळणार?"

बोलून गेली आणि स्वतःच थबकली.

एस्तेरबाईंनी डोळे मिटले होते.

...

नवले सर दारातूनच बोलत आत आले. "सिस्टर, झाला का कागद? मला उद्या तालुक्याला जायचंय." मग त्यांना खाट दिसली. "हे काय? मोठ्या बाई, बरं नाही?"

"पोट," एस्तेरबाई डोळे न उघडता म्हणाल्या.

"सिस्टर, काय निघालं?"

"काही निघालं नाही, सर."

"मग?"

"मग... दुखत असेल."

सर हसले. स्टुलावर बसले. वाईट माणूस नव्हता. दहावीच्या निकालाची काळजी त्यांना झोपेतही सुटत नसे. अॅसिडिटीची गोळी घ्यायला ते आठवड्यातून दोनदा याच स्टुलावर बसत. "बरं, द्या कागद."

"शेवटचा रकाना कोरा आहे."

"भरा. मी थांबतो."

"मला तो भरता येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे येत नाही, सर. कुणाचं खरं, कुणाचं खोटं, मला ओळखता येत नाही."

"गेल्या महिन्यात येत होतं."

"तेव्हाही येत नव्हतं."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "सिस्टर, जरा विचार करा. हा रकाना बंद झाला, तर उद्या अख्खी सातवी इथे येऊन झोपेल. खाटा दोन आहेत."

"तिसरी मागा," खाटेवरून आवाज आला. "मी एकतीस वर्षं मागत होते."

सरांनी तिकडे लक्ष दिलं नाही. "हे तुम्ही मला लेखी द्याल?"

त्यांना वाटलं होतं, इथे ही नमेल. कुणीही नमलं असतं. हर्षदाने कागद पुढे ओढला. शेवटच्या रकान्यावर वरपासून खालपर्यंत एक रेघ मारली आणि खाली ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'दुखणे खरे की खोटे, हे मला ओळखता येत नाही. मागील महिन्याची यादीही चुकीची समजावी.' खाली पूर्ण नाव, पदवीसकट. सही.

सरांनी ते दोनदा वाचलं.

"विद्यापीठात तिसरी आलेली नर्स असं लिहून देते."

"हो."

"जूनमध्ये तुमची फाइल माझ्यासमोर येईल तेव्हा हा कागद वर असेल."

"असू द्या. शिक्का मारून देऊ का?"

सर उठले. शिक्क्याशिवायच कागद घेतला. दारात थांबून म्हणाले, "ताप नसेल तर दहा मिनिटांवर कुणालाही इथे ठेवायचं नाही. एवढा नियम तरी पाळा. मी फेरी मारणार आहे."

ते गेल्यावर हर्षदा स्टुलावर बसली.

"बाई... माझी नोकरी गेली बहुतेक."

"पोट दुखतंय का?"

हर्षदाने पोटावर हात ठेवला. "हो."

"कुठे?"

"...सगळीकडे."

"थांबेल चार मिनिटांत?"

हर्षदाने मान हलवली. नाही.

तिसऱ्या तासाची घंटा झाली.

घंटेचा आवाज विरतो न विरतो तोच दारात वेणू मेंगाळ उभी. काटकुळी, तेल चापून घातलेल्या दोन वेण्या, पायात चपला नाहीत. धावत आलेली होती, पण धाप लपवत होती.

"सिस्टर, पोट दुखतंय."

"ये," हर्षदा म्हणाली. "झोप त्या खाटेवर." तिने भिंतीकडची रिकामी खाट दाखवली.

वेणू हलली नाही. ती एस्तेरबाईंच्या खाटेकडे बघत होती. मग दाराकडे, मग पुन्हा त्या खाटेकडे. डोळ्यांत पाणी जमायला लागलं.

"काय गं? ती मोकळी आहे ना?"

"...ती नको."

"का नको?"



एस्तेरबाई उठल्या. चपला शोधल्या. "माझं राहिलं दुखायचं," म्हणाल्या, आणि बाजूला झाल्या.

वेणू त्या खाटेवर चढली. उताणी झोपली नाही. कुशीवर वळून, हाताची उशी करून, खिडकीकडे तोंड केलं.

हर्षदाने थर्मामीटर उचललं. मग परत ठेवलं. तिचं स्टूल कपाटासमोर असायचं, खिडकीकडे पाठ करून. दीड वर्षात तिने ते हलवलं नव्हतं. आज ती उठली आणि मुलीच्या डोक्यामागे जाऊन उभी राहिली.

खिडकीतून शाळेचं कुंपण दिसत होतं. कुंपणापलीकडे रस्ता. रस्त्यावर नुकतीच एक जीप थांबली होती आणि आतून, टपावरून, मागच्या पायरीवरून माणसं उतरत होती. गुरुवार म्हणजे खाली गावचा बाजार. डोंगरातल्या बायका बाळहिरड्याची गाठोडी डोक्यावर घेऊन चालू लागल्या.

सगळ्या गेल्या. एक मागे राहिली.

तिने कुंपणासमोर गाठोडं उतरवलं. डोक्यावरची चुंबळ काढली. सोडली, झटकली, पुन्हा वळायला घेतली. वळून झाली, तशी पुन्हा सोडली. हात चुंबळीत होते आणि नजर शाळेच्या खिडक्यांवर. एवढ्या लांबून चेहरा काही नीट दिसत नव्हता. पण एका पायावर भार देऊन उभं राहायची ढब थेट आत्ता दारात उभ्या राहिलेल्या वेणूचीच होती.

वेणूने खिडकीच्या गजावर दोन बोटं ठेवली. बाहेरच्या बाईचे हात थांबले.

कुणी हाक मारली नाही.

हर्षदाला शाळेचा नियम पाठ होता. पालकांनी भेटायचं ते महिन्याच्या शेवटच्या रविवारी, दोन ते चार. आणि डोंगरातल्या वेणूच्या वाडीवरून जीप सुटते ती फक्त बाजारच्या दिवशी, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने विचारलंही नव्हतं.

बाईने पुन्हा चुंबळ सोडली.

"दुखतंय का अजून?" हर्षदाने विचारलं.

"हो," वेणू खिडकीकडेच बघत म्हणाली. "आत्ता जास्त."

बाहेर व्हरांड्यात, लांबच्या टोकाला, नवले सरांच्या बुटांचा आवाज सुरू झाला. एकेका वर्गाशी थांबत येत होते.

हर्षदा एस्तेरबाईंकडे वळली. "बाई, सर येताहेत. किती वेळ ठेवणार, विचारतील. काय सांगू?"

एस्तेरबाईंनी स्टूल उचललं. दाराच्या बरोबर मध्ये मांडलं. त्यावर ऐसपैस बसल्या आणि पदर खोचला.

"सांग, बाजार उठेपर्यंत."