गोल झाल्यावर

"बरं. पुढं?" हिंदुराव वस्तादांनी विचारलं.

"पुढे काय, वस्ताद? गोल झाला."

"ते दिसलं मला. त्येच्या पुढं?"

मिहिर राजवाडेनं लॅपटॉप त्यांच्याकडे आणखी वळवला. पडद्यावर शेवटचा गोल नुकताच झाला होता, स्टेडियम उसळून उभं राहिलं होतं, आणि तिथेच त्याचा माहितीपट संपत होता.

माहितीपट नौशाद शिकलगारवरचा. देशाच्या फुटबॉल संघाचा कप्तान, ज्याच्या नावानं अख्खं कोल्हापूर कॉलर ताठ करून चालतं, तो नौशाद. दोन वर्षं मिहिर कॅमेरा घेऊन त्याच्यामागे फिरला होता. सत्तावीस गोल, एकेक गोल चार-चार बाजूंनी टिपलेला. काम झकास उतरलं होतं, आणि हे मिहिरला इतर कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं.

पण नौशादनं एक अट घातली होती. "वस्ताद बघून 'ह्यो आपला नौश्या' म्हणाले, तर दाखवा लोकांना. नाहीतर डब्यात बंद करून टाका."

मिहिरनं हसत हसत शब्द दिला होता. तालमीत कुस्ती शिकवता शिकवता नौशादसारख्या पोरांना फुटबॉलला लावणारा सत्तरीपारचा म्हातारा, तो काय नाही म्हणणार?

म्हातारा नाही म्हणाला.

"पोरगं झ्याक पळतंय. पाय बी त्येचंच. पर ह्यो आमचा नौश्या न्हवं."

मिहिरनं लॅपटॉप मिटला. दोन वर्षं पाण्यात... "काय कमी आहे, ते तरी सांगा."

वस्ताद उठले, कोपऱ्यातला शिवण उसवलेला चेंडू काखेत मारला आणि तालमीमागच्या माळावर आले. माळाच्या टोकाला दोन दगड, तोच गोल. जाळी नाही. दगडांच्या मागे जमीन थेट ओढ्यात उतरलेली.

चेंडू त्यांनी मिहिरच्या पुढ्यात ठेवला. "मारा."

कॉलेजात मिहिर बऱ्यापैकी खेळायचा. त्यानं बाह्या सरसावल्या, चार पावलं मागे गेला आणि सणसणीत लाथ घातली. चेंडू दगडांच्या बरोब्बर मधून गेला आणि दिसेनासा झाला.

मिहिर शाबासकीची वाट बघत उभा राहिला.

वस्ताद ओढ्याकडे बघत राहिले.

"गोल झाला की, वस्ताद."

"चेंडू कुटं हाय?"

"खाली गेला. ओढ्यात."

"मग?"

मिहिर दगडांपाशी जाऊन खाली वाकून बघू लागला.

"तवा तालमीत चेंडू एकच," वस्ताद म्हणाले. "मारंल त्येनं आणायचा. नौश्या दिवसाला धा येळा मारायचा, धा येळा उतरायचा. दुसऱ्याला कदी धाडलं न्हाई त्येनं."

मिहिर उतरला. घाणेरीच्या झुडपांनी हात ओरबाडले, बुटांत चिखल शिरला. चेंडू सापडेपर्यंत गोलाची नशा पार उतरली होती.

आणि तिथे, पाण्यात वाकलेला असताना, त्याला आठवलं. प्रत्येक गोलानंतर सवंगडी गळ्यात पडत असताना नौशाद त्यांच्यातून वाट काढत जाळीत शिरायचा. वाकायचा, चेंडू उचलायचा आणि स्वतः मधल्या ठिपक्यावर नेऊन ठेवायचा. कॅमेऱ्यानं सगळं टिपलं होतं. 'इथे काही घडत नाही' म्हणून मिहिरनंच सत्तावीस वेळा कात्री लावली होती.

त्याला स्वतःची लाज वाटली. आणि नौशादबद्दल अशी माया दाटून आली, जी दोन वर्षांत एकदाही आली नव्हती.

धापा टाकत तो वर आला. चेंडू वस्तादांच्या पायाशी ठेवला.

वस्तादांनी त्याच्या चिखलानं भरलेल्या बुटांकडे पाहिलं... मग चेंडूकडे.

"हां," ते म्हणाले. "आता झाला गोल."