मांडीवरची गुंडाळी

मुलींच्या वसतिगृहात दोन नवे गीझर बसले, पण अध्यक्ष दादासाहेबांनी त्यांना बल्बची बारीक वायर जोडायला लावली. तीही मुलींच्या खाटांमागून!

“गीझरला जाड वायर लागते,” रेक्टर यमुनाबाई उद्घाटनातच म्हणाल्या.

दादासाहेब हसले. “बाई, वायर ती वायर. करंट काय जाडी बघून येतो?”

“मग भाषणं होईपर्यंत याच वायरीची ही जोडातली जादा राहिलेली गुंडाळी मांडीवर घ्या. दोन्ही गीझर चालू आहेत, करंट हिच्यातूनच जातोय.”

दादासाहेबांनी ऐटीत गुंडाळी घेतली आणि पहिलं भाषण संपायच्या आत किंचाळत उठले, “अरे, भाजलं!”

“तुम्ही जागे होतात, म्हणून उठलात,” यमुनाबाई म्हणाल्या. “माझ्या मुली झोपलेल्या असतील.”

दादासाहेबांनी स्वतः बटण बंद केलं आणि जाड वायर आणायला गाडी पाठवली.